शेवटचा आलो, ती दुपार

मी व्यायामशाळेत जातो हे आमच्या घरात पहिले सात-आठ महिने फक्त मायला ठाऊक होतं. तिला मी सांगितलं नव्हतं. माझ्या भाकरी वाढल्या त्यावरून तिनं ओळखलं. दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या चार झाल्या, तेव्हा एका सकाळी चुलीपुढून न उठताच तिनं विचारलं, "कोठे जास रे तू सकायमा?" मी खरं ते सांगून टाकलं. तिनं तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवला, भाकरी उलटली, आणि म्हणाली, "तुना बापले आते नको सांगू. मी सांगसू, टाइम दखीसन." ती वेळ तिला काही सापडली नाही.

आमचं मूळ गाव पिंपळनेरकडचं. आबा, म्हणजे माझे वडील, लग्नानंतर धुळ्याला आले आणि मार्केट यार्डात हमालीला लागले. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, टाकायचं, उतरायचं, पुन्हा घ्यायचं. त्यांच्या मानेच्या खाली, जिथं पोतं टेकतं तिथं, सुपारीएवढा घट्टा झाला होता. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन ते ओसरीवर पालथे पडायचे आणि माझी धाकटी बहीण कुसुम भिंतीला धरून त्यांच्या पाठीवर चालायची. "खाले... आखो खाले... हां, तठे," एवढंच ते बोलायचे. मिरचीच्या मोसमात ते दारात आले की आधी आम्ही सगळे शिंकायचो. माय त्यांचे कपडे बाहेरच दोरीवर टाकायला लावायची. मागच्या गल्लीत यंत्रमाग होते. त्यांचा खटखटाट दिवसभर चालायचा, आणि वीज गेली की तो एकदम थांबायचा. मग शेजारणीच्या खलबत्त्यातला ठेचा कुटल्याचा आवाज थेट आमच्या घरात यायचा.

खाण्याची मात्र आमच्याकडे कधी लाज नव्हती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचं भरीत, एखाद्या रविवारी शेवभाजी, पाहुणा आला तर डाळीचे फुनके आणि कढी. मायचा हात सढळ. ती ताटात वाढताना कधी विचारायची नाही, वाढून झाल्यावर विचारायची, "पुरी का?", म्हणजे पुरेल का. आज जळगावला माझी सून मला मोजून दोन फुलके वाढते, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. मी मुकाट्यानं खातो. पण भाकरी कुस्करून तिच्यावर डाळ ओतून घेण्यातलं सुख ज्याला माहीत आहे, त्याला फुलका म्हणजे खाण्याची नक्कल वाटते.

व्यायामशाळा पांझरा नदीच्या काठावर होती. पत्र्याची लांब शेड, एका बाजूला पैलवानांचा लाल मातीचा हौद आणि दुसऱ्या बाजूला आमच्या लोखंडाचा कोपरा. पैलवान आम्हाला 'हमाल' म्हणायचे. बाकीची पोरं चिडायची. मी चिडत नव्हतो, कारण माझ्या बाबतीत ते अर्धं खरंच होतं. आम्हाला शिकवायचे वसंतभाऊ. ते एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. आमच्या बारवरच्या लोखंडी चकत्या त्यांनी भंगारातून स्वतः कातून काढल्या होत्या. त्यांतली वीस किलोची चकती एकवीसच्या वर भरायची, हे आम्हाला पहिल्यांदा बाहेरगावी स्पर्धेला गेलो तेव्हा कळलं. तिथला बार एवढा हलका वाटला, की मी चुकून तो डोक्याच्या मागं फेकला. वसंतभाऊ म्हणाले, "बघ, माझ्या चुकीनं तुम्ही ताकदवान झाले."

आमच्या खेळात दोनच प्रकार. स्नॅच म्हणजे जमिनीवरून बार एका दमात सरळ डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायचा, उभं राहायचं, मग एका हिसक्यानं वर. दोन्हींत तीन-तीन संधी. दोन्हींतली सगळ्यांत मोठी उचल धरून बेरीज. तीन पंच बसतात. दोघांनी पांढरा दिवा दिला तर उचल धरली जाते, लाल दिला तर गेली. बस. यात कुणाच्या मर्जीला जागा नाही असं मला सतराव्या वर्षी वाटायचं, आणि म्हणूनच हा खेळ आवडायचा.

आबांना कळलं ते त्यांच्याच टोळीतल्या एका हमालाकडून. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. आबांनी पहिला घास घेतला नाही.

"तू लोखंड उचलस म्हने, नदीवर?"

"हां आबा."

"मजुरी कोन देस?"

"कोनी नही देत."

"मंग कसाले उचलस?"

"माले आवडस."

आबा मायकडे वळले. "आवडस! दख, ओझं आवडस त्याले!" मग पुन्हा माझ्याकडे बघून, आवाज न चढवता ते म्हणाले, "मी तुले शाळामा धाडं, ते तुन्या पाठवर काही येवाले नको म्हनीसन. अन तू चालीसन जास उचलाले? बठ्ठा यार्ड हासस मन्हावर. उद्यापासून बंद."

"मी जासू," मी म्हणालो.

मायच्या हातातली पळी डाळीत तशीच राहिली. आबांच्या तोंडावर त्या घरात तोवर कुणी असं बोललं नव्हतं. ते ताटावरून उठले, हात धुतले, आणि त्यानंतर अडीच वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं झालं तर मायला सांगायचे, "त्याले सांग, रॉकेल आनाले जाय." मी समोर उभा असायचो. मी रॉकेल आणायचो आणि सकाळी पाचला पांझरेवर जायचो. एक दिवसही चुकवला नाही. खरं तर काही दिवस अंगात ताप असताना गेलो, केवळ आबांनी मला घरी झोपलेलं पाहू नये म्हणून. त्यांना जे उचलावं लागायचं ते दुसऱ्याचं होतं, दुसऱ्याच्या हुकमानं होतं. मी जे उचलत होतो ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. हे मला तेव्हा शब्दांत मांडता आलं असतं तर कदाचित अडीच वर्षांचे सहा महिने झाले असते. पण सतरा-अठराव्या वर्षी माणसाकडे हट्ट असतो, शब्द नसतात.

जिल्हा झाला, राज्य झालं, राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आलो. कुसुमनं वर्तमानपत्रातलं दोन बोटांचं कात्रण भिंतीवर चिकटवलं. आबांनी ते काढलं नाही. वाचता तर येत नव्हतंच. मग एक दिवस मोठं बोलावणं आलं. अनेक देशांची, सगळ्या खेळांची ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा दर चार वर्षांनी भरायची आणि तिच्यासाठी आमच्या खेळाचं शिबिर लागणार होतं. मी तेव्हा साडेसदुसष्ट किलोच्या गटात उचलायचो. शिबिरातल्या चाचणीत मी पहिला आलो, बलबीर नावाचा उंच, अबोल मुलगा माझ्यामागं अडीच किलोंनी दुसरा. तो आमच्या संघाच्या मॅनेजरसाहेबांच्याच खात्यात नोकरीला होता. एका गटात आपला एकच माणूस जाणार होता.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. गोरा, नीटनेटका माणूस, बोलणं मधाळ. "साठ में उतर जाओ," ते म्हणाले. "साठ में हमारा कोई नहीं. दोनों चलोगे. नहीं तो मैं लिख दूँगा कि तुम्हारा घुटना ठीक नहीं." माझा गुडघा ठणठणीत होता. पण माझं वजन साडेसहासष्ट होतं, आणि सहा आठवड्यांत साडेसहा किलो कमी करायचे होते.

मी हो म्हणालो. हे मी लपवणार नाही. लोक माझी गोष्ट सांगताना मला त्या खोलीत ताठ उभा करतात. मी ताठ नव्हतो. मला विमानात बसायचं होतं, छातीवर देशाचं नाव लिहिलेला कोट घालायचा होता, आणि धुळ्यात परत येऊन काही न बोलता आबांच्या समोरून चालत जायचं होतं. वसंतभाऊंना मी पत्र लिहिलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं, "सहा किलो म्हणजे तुझी मांडी. मांडी घरी ठेवून जाणार का? पण शिबिरात तू आहेस, मी नाही. ठरव." मी ते कार्ड उशीखाली ठेवलं आणि उपास सुरू केला.

त्या सहा आठवड्यांबद्दल मी आजवर फारसं बोललो नाही. सकाळी एक कप दूध, दुपारी काकडी आणि उकडलेली डाळ, संध्याकाळी काहीच नाही. भर उन्हात दोन स्वेटर आणि त्यावर रबरी कोट घालून मैदानाला फेऱ्या मारायच्या. शेजारच्या ताटात बलबीर पराठे खायचा. नंतर नंतर तो ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जायला लागला. त्याचा राग मला यायला हवा होता, पण रागालाही अन्न लागतं. घरून कुसुमचं पत्र यायचं, त्यात मायनं सांगितलेलं सगळं जेवणाबद्दलच असायचं. आज भरीत केलं होतं. आज तुझ्या वाटचे फुनके शेजारी दिले. आपण काय लिहून पाठवतो आहोत हे मायला कळत नव्हतं, आणि मी तिला कळवलंही नाही. एक पत्र मी वास घेऊन पाहिलं. हसू नका, कागदाला फोडणीचा वास होता.

शंभर किलो, जे मी धुळ्यात नुसतं अंग गरम करायला उचलायचो, ते शिबिराच्या शेवटी मला जड जायला लागलं.

परदेशातलं ते क्रीडाग्राम मला आठवतं ते त्याच्या जेवणाच्या मंडपामुळे. एवढं अन्न मी एका जागी आयुष्यात पाहिलं नव्हतं. साक्रीच्या आठवडी बाजारापेक्षा लांब टेबलं, त्यांवर भाताचे डोंगर, शिजलेलं मांस, शंभर प्रकारची फळं, आणि सगळ्या जगातली पोरं हसत-खिदळत वाढून घेत होती. मी दारात उभा राहिलो आणि परत फिरलो. माझं वजन अजून आठशे ग्रॅम जास्त होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी पाण्याचा घोटही घेतला नाही. तोंडात चिंगम चघळत बसलो आणि थुंकत राहिलो, म्हणजे तेवढंच पाणी कमी.

स्पर्धा दुपारची होती. वजन त्याच्या दोन तास आधी, अंगावर एक कपडा न ठेवता. काटा थरथरत साठच्या पुढं शंभर ग्रॅमवर थांबला. वजन घेणारा म्हातारा पंच घड्याळाकडे बघून काहीतरी बोलला. अजून वेळ आहे, असं असावं. मॅनेजरसाहेबांनी कात्री मागवली आणि माझे केस जवळजवळ मुळापासून कापले. मी पुन्हा काट्यावर चढलो. साठ. म्हाताऱ्या पंचानं सही केली, मग माझ्या दंडाला बोट लावून माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण गाडीला जुंपलेल्या आजारी बैलाकडे बघतो.

दोन तासांत मी केळी खाल्ली, साखरेचं पाणी प्यालो. पोटाला सवय राहिली नव्हती. निम्मं बाहेर आलं. पहिल्या स्नॅचला शंभर किलो लावले. माझं नाव पुकारलं गेलं ते इतकं चुकीचं, की मला कळलंच नाही आणि दोन मिनिटांतली चाळीस सेकंद तिथंच गेली. बार वर गेला आणि पुढं पडला. तीन लाल दिवे. दुसऱ्यांदा तो मागं पडला, माझा खांदा घेऊनच पडला असता. तीन लाल. आता एकच संधी, आणि ती गेली तर स्पर्धेतून बाद. मी खडूची पूड हाताला लावत उभा होतो. त्या क्षणी मला देशबिश काही आठवलं नाही. मला भयंकर राग आला होता, मॅनेजरचा, आणि त्याहून जास्त त्या खोलीत हो म्हणालेल्या माझा. तिसऱ्यांदा बार वर गेला आणि मी त्याच्याखाली गुडघे मोडून बसलो, बराच वेळ बसलो, मग उठलो. पांढरे दिवे.

आतल्या बाजूला, जिथं सगळे खेळाडू अंग गरम करतात तिथं, मॅनेजरसाहेब एक छापील कागद घेऊन आले. इतरांच्या उचली पाहता मी सगळ्यांत खाली होतो.

"इस पर साइन करो," ते म्हणाले. "कलाई में चोट. जर्क मत करो. आखिरी आने से चोट अच्छी लगती है. मेरी भी इज्जत है, तुम्हारी भी."

"मेरी कलाई ठीक है," मी म्हणालो.

"ठीक है तो क्या? तुमसे उठेगा?"

"मालूम नहीं."

"तो साइन करो."

"नहीं करूँगा."

त्यांनी कागद माझ्या छातीला लावला, पेन पुढं केलं. मी पेन घेतलं आणि बाजूच्या बाकावर ठेवलं. मोडलं नाही, फेकलं नाही, नुसतं ठेवलं. "गाँव का आदमी," ते एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागं आमचा मालीशवालाही गेला, कारण त्याला पुढच्या दौऱ्यावर यायचं होतं. आता माझ्यासाठी पंचांच्या टेबलावर कार्डावर पुढचं वजन लिहून द्यायला, माझी वेळ कधी येणार ते मोजायला, पाठीला चोळायला तिथं कुणी नव्हतं. मी एकटा, डोक्यावर कातरलेल्या केसांचे पुंजके, आणि आजूबाजूला प्रत्येक खेळाडूभोवती त्याची चार-चार माणसं.

तेवढ्यात बलबीर आला. त्याची स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. त्यानं खोलीत झोपून राहायला हवं होतं. त्यानं सगळं पाहिलं असावं. "कार्ड मुझे दे," तो म्हणाला. "तू बैठ. कितना लिखूँ?"

"तेरा साहब नाराज होगा."

"कल मुझे उठाना है, साहब को नहीं," बलबीर म्हणाला. "कितना लिखूँ, बोल."

एकशे साडेसत्तावीस लिहिलं. तो धावत टेबलापाशी गेला, परत आला, माझ्या मांड्या दोन्ही हातांनी रगडल्या, नाव पुकारायच्या आधीच मला उठवून दारापाशी नेलं. पहिली उचल चांगली झाली. दुसऱ्याला एकशे साडेबत्तीस. बार खांद्यावर आला, पण वर जाताना डावा कोपर वाकला. लाल दिवे. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते. बलबीरनं मला उताणं झोपवून पाय वर धरले आणि म्हणाला, "छोड़ दे यार, टोटल तो बन गया." खरंच होतं ते. पहिल्या जर्कनं माझी बेरीज झाली होती. तिसरी उचल केली नसती तरी चाललं असतं, आणि केली तरी माझा क्रमांक बदलणार नव्हता. माझ्या वरचा माणूस पंधरा किलोंनी पुढं होता.

मी गेलो. का गेलो याचं उत्तर मी अनेक वर्षं शोधलं आणि मग शोधणं सोडून दिलं. तो बार एकदा खाली पडला होता आणि मला तो तसा पडलेला ठेवायचा नव्हता, एवढंच. मी खांद्यावर घेऊन उभा राहिलो तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली. मी श्वास घेतला आणि वर मारला. पाय पुढं-मागं पडले, उजवा सरकला, मी त्याच्यामागं दोन पावलं चालत गेलो, बार डोक्यावर तसाच. मग पाय एका रेषेत आले. खाली ठेवायची घंटा वाजली. दोन पांढरे, एक लाल. धरली. प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं, आपल्याकडचंच असावं, कारण त्यात एक शिवी होती.

दहा जण उतरले होते. दोघे स्नॅचमध्येच बाद झाले. बेरीज झालेल्या आठांत मी आठवा. निकालाच्या कागदावर बाद झालेल्यांच्या नावापुढं नुसती रेघ असते. माझ्या नावापुढं दोनशे साडेबत्तीस हा आकडा आहे. त्या संध्याकाळी मी आणि बलबीर जेवणाच्या मंडपात गेलो आणि मी भात घेतला, तीनदा घेतला, आणि तिसऱ्या वाढीला मला रडू आलं. बलबीर पाठ करून बसला, मला बघायला नको म्हणून.

धुळ्याला परत आलो तेव्हा स्टँडवर फक्त वसंतभाऊ होते, सायकल घेऊन. सहीचं सगळं मी त्यांना आधीच पत्रानं कळवलं होतं. एका स्थानिक पेपरात आधीच छापून आलं होतं, 'धुळ्याचा खेळाडू तळाला'. गल्लीत लोक दारात उभे राहून बघत होते. ओवाळावं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. मायनं काही न ठरवता भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला आत घेतलं. माझं डोकं, गालफडं पाहून तिनं तोंडाला पदर लावला. आबा यार्डातून आले होते. ओसरीवर बसले होते. आणि ते थेट माझ्याशी बोलले.

"कितवा उना तू?"

"शेवटला, आबा."

"शेवटला?"

"हां."

"वसंता सांगत व्हता, कोनी तरी सही मांगत व्हता?"

"हात दुखस म्हनीसन सही कर, असं म्हनत व्हता."

"दुखत व्हता का?"

"नही."

"मंग चांगलं करं," ते म्हणाले. मग आत तोंड करून, "याले वाढ वं. काय दशा व्हयनी याची, दख." अडीच वर्षांनंतर आम्ही एका पंगतीला बसलो. त्यांनी त्यांच्या ताटातली मिरची माझ्या ताटात ठेवली.

महिन्याभरानं आमच्या खेळाच्या संघटनेचं इंग्रजी पत्र आलं. मॅनेजरसाहेबांनी अहवालात मला बेशिस्त लिहिलं होतं. लेखी माफी मागितली तर पुढच्या शिबिरासाठी विचार होईल, असं त्या पत्रात होतं. कुसुमनं ते मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं. वसंतभाऊ म्हणाले, "दोन ओळींचा प्रश्न आहे. खेळाचं वय पाच-सहा वर्षांचं असतं, विचार कर." त्यांचं खरं होतं. मी विचार केला, आठ दिवस केला. मग पत्राच्याच मागं लिहिलं, 'माझं मनगट तेव्हाही ठीक होतं, आताही ठीक आहे,' आणि पाठवून दिलं. मला पुन्हा कधीही शिबिराला बोलावलं गेलं नाही. ज्या मुलांना मी पुढं शिकवलं त्यांतल्या काहींनी मला सांगितलं, सर, लिहून द्यायचं होतं ना, काय जात होतं? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ज्याचं जातं त्यालाच कळतं काय जात होतं ते.

पुढच्या हिवाळ्यात विभागीय निवड स्पर्धा जळगावला भरणार होती. बातमी वाचून मी वसंतभाऊंना म्हणालो, नाव द्या. ते म्हणाले, निवड तर होणार नाही. मी म्हणालो, निवडीसाठी नाही देत. तोवर मी मायच्या हातचं खाऊन पुन्हा साडेसहासष्टवर आलो होतो, वर थोडा जास्तच. साडेसदुसष्टच्या गटात, माझ्या स्वतःच्या गटात, नाव दिलं. आणि आबा म्हणाले, "मी बी येस." यार्डात खाडा करून, धुतलेलं धोतर आणि टोपी घालून ते माझ्याबरोबर एस.टी.त बसले. नशिराबादला राहणारे आमचे एक मामा त्यांना हॉलमध्ये घेऊन बसले, तिसऱ्या रांगेत.

आत आलो तर अधिकाऱ्यांच्या टेबलावर, निकालपत्रक पुढं घेऊन, तेच मॅनेजरसाहेब बसले होते. निरीक्षक म्हणून आले होते आणि नोंदी लिहायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि कागद सरळ करायला लागले.

त्या दिवशी मी सहाही उचली साधल्या. सहाव्यांदा एकशे साडेबावन्न किलो जर्क होता, तोवर एवढं मी कधी उचललं नव्हतं. बार वर गेला आणि थांबला. तीन पांढरे दिवे लागले. हॉलमध्ये आरडाओरडा झाला, आबा उठून उभे राहिले होते आणि शेजारच्या माणसाला दंडाला धरून विचारत होते, "कितला व्हयना? कितला?" मी बार खाली ठेवला, पण मंचावरून उतरलो नाही. टेबलाकडे तोंड करून उभा राहिलो. मॅनेजरसाहेबांच्या हातात पेन होतं आणि ते शेजाऱ्याशी काहीतरी बोलत होते.

मुख्य पंच म्हणाले, "झालं, उतरा आता. पुढचा खेळाडू यायचाय."

"त्यांना लिहू द्या," मी म्हणालो.

पंचांनी मागं वळून पाहिलं. मॅनेजरसाहेबांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घातली आणि माझ्या नावापुढं तो आकडा लिहिला. लिहून झाल्यावर मी खाली उतरलो.